खाडीला जाऊन आलेली चाळण

हसू नका मित्रांनो. मी एक जुनी चाळण आहे, आज लातुरात रेतीच्या ढिगाला टेकून पडले आहे, आणि तरीही समुद्र बघून आले आहे. इथल्या घमेल्यांना आणि पाट्यांना हे सांगितलं की ती दात काढतात. लातूर कुठे आणि समुद्र कुठे! आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी गल्लीभर आरडाओरडा होतो. पण मी खोटं कशाला बोलू? मला काही कुणाची मतं घ्यायची नाहीत. माझी जाळी फाटली आहे, चौकट निखळायला आली आहे, आणि मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. ते सांगून झालं की खुशाल मला भंगारात द्या.

माझा जन्म औसा तालुक्यातल्या एका खेड्यात झाला. केरबा सुताराने बाभळीच्या चार पट्ट्या तासून माझी चौकट केली. केरबा कामाला चोख होता, पण जिभेने तिखट. "मासे मोजायला चाळण? तुझा पोरगा सरकारी नोकरीत हाय का भोयाच्या हाताखाली, नागुबाई?" असं तो विचारी, आणि नागुबाई त्याच्याकडे लक्षही देत नसे. नागुबाई लातूरच्या आडतीवर तूर, मूग, उडीद साफ करायला जायची. साऱ्या बायका गप्पा मारत चाळत आणि ती गप्प राहून चाळायची. तिने चाळून चाळून एकुलत्या एका मुलाला शिकवलं. तो पंढरी. त्याला कोकणात मत्स्य खात्यात नोकरी लागली, तेव्हा विहारासमोरच्या पटांगणात तिने सगळ्या वस्तीला चहा पाजला होता. त्याची बायको आणि लहान लेक गावीच, नागुबाईपाशी राहिल्या.

पंढरीने निरोप धाडला होता की चाळणीत मूग अडावा आणि राळे गळावेत, एवढीच भोकं पाहिजेत. लातूरच्या गंजगोलाई बाजारातला दुकानदार लोखंडी जाळी दाखवायला लागला. नागुबाईने ती परत केली आणि पितळी मागितली. "लोणच्याच्या बरणीत लोखंडाचा चमचा ठेवून बघा," ती म्हणाली. "समुद्र म्हंजे लई मोठी बरणीच की." तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण जाळी घेतली ती पितळीच.

मग मी एसटीच्या टपावर बसून, घाट उतरून, रत्नागिरीकडच्या एका खाडीवर गेले. एवढं पाणी एका जागी बघून मी तर घाबरलेच. आणि ते पाणी काही स्थिरही राहीना. भरतीला यायचं, ओहोटीला मागे सरायचं. मागे सरलं की खाली चिखलाचा आणि वाळूचा भला मोठा पट्टा उघडा पडायचा, आणि त्या पट्ट्यात तिसऱ्या असायच्या. मित्रांनो, तिसरी म्हणजे दोन शिंपल्यांची झाकणं मिटून आत राहणारा एक मऊ जीव. आसपासच्या गावच्या बायका ओहोटीला उतरत, विळ्याने चिखल उकरत, पाटी भरत आणि बाजारात विकत. त्यांची चूल त्यावर पेटायची.

पंढरीचं काम होतं, खाडीत तिसऱ्या किती उरल्यात ते सांगणं. आता एवढी खाडी कोण मोजणार? त्याची रीत अशी होती. त्याच्याकडे सळईची एक चौकट होती. तो पाठ फिरवायचा आणि ती खांद्यावरून मागे फेकायचा. बघून फेकायची नाही, हा नियम. बघून फेकली की हात आपोआप भरल्या जागेकडे जातो, असं तो म्हणे. चौकट पडेल तेवढाच चिखल उकरून माझ्यात ओतायचा आणि पाण्यात मला हलवायचं. चिखल निघून जायचा, तिसऱ्या उरायच्या. त्या मोजायच्या, आणि अशा पुष्कळ जागा पाहून साऱ्या पट्ट्याचा अंदाज बांधायचा. न चाळता तो कधी बोलत नसे. कुणी म्हणालं, "साहेब, अंदाजे सांगा की," तर तो सरळ मला उचलून चिखलाकडे चालू लागायचा. त्याचा मला फार अभिमान वाटायचा.

कचेरीची जी जुनी चाळण होती, तिच्या भोकांतून हरभरा गळायचा. तिने चाळलं की काहीच उरत नसे, कारण मोठ्या तिसऱ्या शहरातल्या खाणावळींसाठी केव्हाच उचलल्या गेल्या होत्या. मोठ्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं की हा पट्टा मेला. मेलेला पट्टा शिंपले उपसायला ठेकेदाराला देता येतो. शिंपले चुन्याच्या भट्टीला जातात, कोंबड्यांच्या खाद्याला जातात. पंढरीने मला पहिल्यांदा पाण्यात हलवलं तेव्हा माझ्या जाळीवर मुगाएवढी पिल्लं उरली होती, चकचकीत, जिवंत. तो गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिला आणि एकटाच हसला. पट्टा मेला नव्हता. दोन हंगाम कुणी पाय घातला नाही, तर तो परत भरणार होता.

पण दोन हंगाम बायकांनी खायचं काय? त्यांची पुढारी होती इंदूबाई, उंच, सावळी, कमरेला विळा खोचलेली. ती पंढरीवर चिडली. "तुमचा पगार चालू राहील साहेब. आमी काय वाळू खायची?" पंढरीने वाद घातला नाही. त्याने मला तिच्यासमोर धरलं. तिने पिल्लांवरून बोट फिरवलं. मग तिने आपल्या लोकांचा रिवाज सांगितला. पट्टा बंद करायचा तर त्यात काठी रोवतात. काठी उभी आहे तोवर कुणी उतरत नाही. आणि जो काठी रोवतो त्यानेच ती उपटायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. "आमच्यातल्या बाईनं रोवली तर भूक लागली की तीच उपटील," इंदूबाई म्हणाली. "तुमी रोवा. तुमाला तिसऱ्यांची भूक नाय."

पंढरीने काठी रोवली. "मी चाळून सांगतो, मगच उतरा," असं तो सगळ्यांसमोर बोलला. मोठ्या साहेबांना त्याने भांडून भांडून गप्प केलं. बायका रस्त्याच्या खडीवर गेल्या, आंब्याच्या बागांत राबल्या, कुणी मुंबईला भांडी घासायला गेली. खाडीत मात्र कुणीही उतरलं नाही. पंढरी उधाणाच्या ओहोटीला पट्ट्यात यायचा, मला हलवायचा आणि काठावर उभ्या बायकांना पिल्लं दाखवायचा. मुगाची हरभऱ्याएवढी झाली, हरभऱ्याची चिंचोक्याएवढी झाली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ. पितळेला आनंद होतो का, असं विचारू नका. मला झाला होता. दुसरा हंगाम संपत आला तेव्हा पंढरी म्हणाला, "दिवाळीच्या आधी काठी काढू." इंदूबाईने त्या दिवशी त्याला नारळ दिला.

भाद्रपदातली पौर्णिमा होती. ओहोटी खूप खाली गेली होती आणि पंढरी सकाळीच माझ्यासकट चिखलात होता. चौकट फेकून झाली होती, पहिला चिखल माझ्यात पडला होता. तेवढ्यात कचेरीचा शिपाई काठावरून हाका मारत आला. रेडिओवर बातमी होती. लातूरकडे भूकंप झाला, गावंच्या गावं बसली. पंढरीने गावाचं नाव विचारलं आणि शिपायाने आमच्याच गावाचं नाव घेतलं. पंढरी मला बगलेत मारून तसाच चालू लागला. माझ्यात चिखल होता, चिखलात तिसऱ्या होत्या, त्या त्याने मोजल्याच नाहीत. एसटीत शेजारच्या माणसाच्या धोतरावर खाडीचं पाणी गळत राहिलं. तो माणूस आधी ओरडला आणि मग पंढरीचं तोंड बघून त्याने सरकून जागा करून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. गाव नव्हतं. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर छत म्हणून मातीचं जड माळवद. सगळं खाली आलं होतं. नागुबाई गेली होती, पंढरीची बायको गेली होती, आणि जवानांनी आदल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. पंढरीला तोंडही बघायला मिळालं नाही. त्याची मुलगी रूपाली तेवढी वाचली होती. गणपती बुडवायची मिरवणूक बघून ती केरबाकडेच, त्याच्या सुतारकामाच्या शेडात झोपली होती, आणि त्या शेडावर माळवद नव्हतं, पत्रा होता. केरबाने तिला पंढरीच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी पंढरी आपल्या घराच्या ढिगावर बसला आणि त्याने मला माती चाळायला घेतलं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. माती गळायची आणि माझ्यावर बारीक बारीक काय काय उरायचं. काकणांचे तुकडे. जोंधळा. एक बटण. बायकोचं एक जोडवं उरलं, ते त्याने खिशात घातलं. नागुबाईचं काही उरलं नाही. जोंधळा तेवढा धुऊन वापरला, कारण पोटाला दुसरं काही नव्हतं. मग गल्लीतली माणसं मला मागायला लागली. मी दारोदार फिरले, म्हणजे जिथे दारं होती तिथे फिरले. लोक माझ्यावर वाकून बघत, आणि जे शोधत ते बहुधा सापडत नसे. मित्रांनो, खाडीत मी रिकामी राहिले की मला वाईट वाटायचं. इथे भरले की वाटू लागलं.

रूपाली छपराखाली जाईना. सरकारी पत्र्याच्या शेडात जेमतेम झोपायची, तेही बापाचा सदरा मुठीत धरून. पंढरी नजरेआड झाला की ती घसा फुटेस्तोवर रडे. कचेरीने त्याला बोलावलं. तो आज निघतो, उद्या निघतो करत राहिला. दिवाळी आली आणि गेली. काठीची आठवण त्याला होती, हे मी शपथेवर सांगते. तो रोज माझ्याकडे बघायचा. केरबाला त्याने एकदा सगळं सांगितलं, तेव्हा केरबा म्हणाला, "मग एक कारड टाकून दे ना बाबा. उतरा म्हणावं. काय अडलंय?"

"चाळल्याबिगर कसं सांगू, केरबा?" पंढरी म्हणाला. "त्या दिवशी चाळायचं राहिलं. पिल्लं मेली असली तर? आन काठी तर मलाच उपटायची हाय. जातो मी. पोरगी जरा सावरू दे."

केरबाने डोकं हलवलं आणि रंधा मारायला लागला. पोरगी काही सावरली नाही. पंढरीची नोकरी गेली, आणि त्याच्या जागी त्या खाडीवर कुणी आलं नाही. तो शब्दाचा पक्का माणूस होता, म्हणूनच त्याच्या हातून एक साधं कार्ड गेलं नाही. मी हे कितीदा मनात घोळवलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो आणि लगेच कीवही येते.

पुढे रूपालीच्या शाळेसाठी तो लातूरला आला. तोवर लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. नांदेड, कंधार, बिलोली, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला इथे येऊ लागली. गल्लीगल्लीत पाट्या, घराघरात खाणावळ. पंढरी विरूपाक्ष सरांच्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायला लागला. पहिल्या वर्षी तो मला क्लासमध्ये घेऊन गेला होता. चौकट कशी फेकायची, चाळायचं कसं, सगळं रंगून सांगितलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, "सर, हे पेपरला येऊन राहिलं का?" पंढरी म्हणाला, नाही. सगळ्या वह्या मिटल्या. बाहेर विरूपाक्ष सरांनी त्याला गाठलं. "पंढरी सर, गोष्टी चांगल्या हायत तुमच्या. पण पोरांचा टाइम जाऊन राहिला. आईबापानं काय तिसऱ्या मोजायला पाठवलंय का त्यांना?" माणूस वाईट नव्हता, आणि बोलला ते खरंच होतं. त्यानंतर मला कुणी क्लासमध्ये नेलं नाही.

पंढरीने हळूहळू पोरांना राहायला खोल्या बांधल्या, स्लॅबच्या. स्वतः तो आणि रूपाली मागे पत्र्याच्या खोलीत राहत, कारण रूपाली मोठी झाली तरी स्लॅबखाली झोपत नव्हती. खोल्या बांधताना गवंड्याने मला रेती चाळायला घेतलं. मी पितळी आहे, बारीक आहे, मला पाण्याची सवय आहे. कोरड्या रेतीच्या खड्यांनी माझी जाळी एका बाजूने फाटली. पंढरीने ते बघितलं आणि तो वह्या तपासायला आत गेला. एकामागून एक खोल्या चढत गेल्या आणि मी अंगणातच राहिले. रूपाली बारावी झाली, पण मेडिकलला लागली नाही, परत बसली, परत लागली नाही. आता ती तिसऱ्यांदा तयारी करत होती आणि पंढरी तिचे पेपर तपासत बसायचा.

त्याच वर्षी क्लासमध्ये कोकणातली एक मुलगी आली. पंढरीने शिंपल्यांचा धडा शिकवताना, सवयीने, त्या खाडीचं नाव घेतलं. मुलगी चमकली. तिने घरी फोन करून आजीला सांगितलं. आणि परीक्षेच्या थोडं आधी, भर उन्हात, ती आजी नातीला घेऊन आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. इंदूबाई. केस पांढरे झाले होते, पण ताठपणा तोच. तिने आधी मला ओळखलं. खाली बसून तिने माझ्या फाटक्या जाळीत हात घातला, तो आरपार गेला. तेवढ्यात पंढरी बाहेर आला.

त्याला बघून तिला रागावायचं होतं, हे मला कळत होतं. पण त्याचं घर, पत्रा, दारातून डोकावणारी रूपाली, सगळं तिला नातीने सांगितलेलं होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "आमी वाट बगितली, साहेब."

पंढरीने तिला बसायला घोंगडी टाकली. पाणी दिलं. मग तिने सांगितलं. त्या दिवाळीला कुणी उतरलं नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. पट्टा इतका भरला की ओहोटीला काठाकाठाने चालतानाही पायाखाली तिसऱ्या टोचायच्या, असं येणारी-जाणारी माणसं सांगायची. बायका मजुरीला जात राहिल्या, कारण काठी उभी होती. आणि एवढा भरलेला पट्टा बघूनच ठेकेदार आला. त्याच्याकडे पंप होता, होडी होती, कुठलासा कागद होता. त्याला काठीचा रिवाज ठाऊक नव्हता. एका हंगामात त्याने मोठ्या, लहान, मुगाएवढ्या, सगळ्या उपसून नेल्या. इंदूबाई आणि बाकीच्या बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या. आपण उतरून आपल्या वाट्याचं तरी घ्यावं असं एकदोघी म्हणाल्या. तेव्हा इंदूबाईनेच त्यांना अडवलं होतं.

"मीच म्हटलं, साहेब येतील," ती म्हणाली. "आता त्या माझ्याशी बोलत नाय."

पंढरी तोंड धरून बसला होता. मग त्याने विचारलं, "आता काय हाय तिथं?"

"ते तुमी सांगायचं," इंदूबाई म्हणाली. "मी त्यासाटी आले. काठी अजून हाय. आमी अजून उतरत नाय. तुमी या, चाळून बगा. हाय म्हणा, नाय म्हणा, काय असेल ते बोला आणि काठी काढा. मंग आमी सुटू."

मी तिथेच ढिगाला टेकून होते. माझ्या अंगात एकदम बळ आलं. म्हटलं, उचल पंढरी, आत्ताच उचल. फाटले असले तर एका कोपऱ्यात चाळ, तेवढी जाळी शाबूत आहे. रिकामी निघाले तर रिकामी दाखव. एवढंच तर ती मागते आहे.

पंढरीने मला उचललंही. उजेडाकडे धरलं. फाटक्या जागेतून त्याच्या तोंडावर ऊन पडलं. दारात रूपाली पुस्तक छातीशी धरून उभी होती, आणि दुसऱ्या हाताने तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मला परत रेतीवर ठेवलं.

"येतो मी, इंदूबाई," तो म्हणाला. "नक्की येतो. एवढी परीक्षा होऊ द्या."

इंदूबाईने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मला वाटलं, आता ही बोलेल, आता तरी चार शिव्या घालेल. पण तिने पदर सावरला, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "बरं," म्हणाली. तिने त्याचा शब्द घेतला, मित्रांनो. दुसऱ्यांदा घेतला आणि तो घेऊन ती स्टँडकडे चालत गेली.

परीक्षा झाली. निकाल लागला. रूपाली लागली नाही. पुढची बॅच आली, तिचीही परीक्षा झाली. मी अजून अंगणातच आहे.

मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझ्या जाळीत आता काही अडत नाही, रेतीतले खडेसुद्धा नाहीत. मित्रांनो, मागणं एवढंच आहे. कुणाला थांबा म्हणालात, तर "उठा, आता थांबू नका" हे सांगायलाही तुम्हीच जा. सांगण्यासारखं काही उरलं नसेल तर तसं सांगा, पण जा. खाडी मेली तर मेली. ते दुःख माणूस कधी तरी पचवतो. पण तिच्या काठावर त्या बायका अजून पाय आखडून उभ्या आहेत, कारण एका प्रामाणिक माणसाने त्यांना सांगितलं होतं की तो येणार आहे.